डीएसएलचा दिवा स्थिर, इंटरनेटचा दिवा लाल: रिसेट झालेल्या राउटरमध्ये नेमके काय भरावे?

राजापूरवासी:

नमस्कार. माझे घर राजापूर तालुक्यात, मुख्य रस्त्यापासून बरेच आत असून आमच्या वाडीत अद्याप फायबर आलेले नाही. मोबाइलची रेंज अंगणात तुळशीजवळ उभे राहिले तरच मिळते. त्यामुळे तांब्याच्या तारेवरची लँडलाइन आणि तिच्यावर चालणारे ब्रॉडबँड, म्हणजे डीएसएल, हाच आमचा आधार आहे. शाळेची सर्व माहिती मला याच जोडणीवरून भरावी लागते आणि मुलीचा अभ्यासही याच्यावरच चालतो.

गेल्या आठवड्यात वीज दिवसभर ये-जा करीत होती. त्यात राउटर अडकल्यासारखा वाटला, म्हणून मागच्या बारीक छिद्रात टाचणी घालून दहा सेकंद दाबून धरली. राउटर फक्त बंद होऊन पुन्हा सुरू होईल अशी माझी समजूत होती, परंतु त्यातील सर्व मांडणी पुसली गेली. ही मांडणी २०१५ साली जोडणी देण्यास आलेल्या माणसाने करून दिली होती. त्याने राउटरच्या बुडाशी चिकटवलेल्या चिठ्ठीवर ‘०/३५, पीपीपीओई, एलएलसी’ एवढेच लिहिलेले आहे. युजरनेम मला बिलावरून मिळाले, पासवर्ड मात्र कोठेही नोंदलेला नाही.

सध्याची स्थिती अशी आहे. राउटर सुरू केल्यावर डीएसएलचा दिवा मिनिटभर लुकलुकतो आणि नंतर स्थिर होतो, पण इंटरनेटचा दिवा लालच राहतो. एका परिचिताच्या सल्ल्याने राउटर ब्रिजवर ठेवून, म्हणजे त्याने स्वतः जोडणी न करता नुसता संकेत पुढे द्यावा असा ठेवून, संगणकावरून थेट जोडणी करून पाहिली, तेव्हा आधी ६५१ ही चूक आली. नंतर चिठ्ठीवरचे ०/३५ हे आकडे राउटरमध्ये भरले, तर ६९१ येऊ लागली. याचा अर्थ काही सुधारले की बिघडले, हे मला कळत नाही.

दुसरी अडचण जुनी आहे. रिसेटच्या आधीही घरातला फोन वाजला की इंटरनेट तुटत असे आणि दोन-तीन मिनिटांनी परत येत असे. संध्याकाळी सात ते दहा या वेळात तर फोन न वाजताही ते वारंवार तुटते. राउटरमध्ये एखादा पर्याय बदलून हे थांबवता येईल का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.


नेटवर्क_अभ्यासक:

सर, आपण दिलेल्या दोन चुकांच्या क्रमांकांतच निम्मे उत्तर आहे, आणि आपली स्थिती बिघडलेली नसून सुधारलेली आहे.

डीएसएल जोडणीचे दोन टप्पे वेगळे धरले की पुढचे सगळे सोपे जाते. पहिला टप्पा तारेचा. आपला राउटर आणि एक्स्चेंजमधले डीएसलॅम हे यंत्र यांनी एकमेकांचा संकेत ओळखून वेग ठरवला की डीएसएलचा दिवा स्थिर होतो. दुसरा टप्पा ओळख पटवण्याचा, चिठ्ठीवरचे पीपीपीओई ते याच पद्धतीचे नाव. त्याच तारेवरून आपले युजरनेम आणि पासवर्ड सेवादात्याच्या सर्व्हरपर्यंत जातात, तो ते तपासतो आणि आपल्याला आयपी पत्ता देतो, तेव्हा इंटरनेटचा दिवा हिरवा होतो. आपला पहिला टप्पा पार पडतो आहे आणि अडचण दुसऱ्या टप्प्यावर आहे.

६५१ ही चूक येते तेव्हा संगणकाने हाक मारलेली असते, पण पलीकडून कोणीच ओ दिलेली नसते. ६९१ येते तेव्हा पलीकडचा सर्व्हर सापडलेला असतो, त्याने आपले म्हणणे ऐकून घेतलेले असते आणि युजरनेम किंवा पासवर्ड चुकीचा आहे म्हणून नकार दिलेला असतो. ०/३५ भरताच ६५१ जाऊन ६९१ आली, म्हणजे ते आकडे आपल्या लाइनसाठी बरोबर आहेत. त्यातील ० हा व्हीपीआय आणि ३५ हा व्हीसीआय. डीएसएलच्या तारेवरून माहिती एटीएम नावाच्या पद्धतीने (बँकेच्या एटीएमशी याचा संबंध नाही) ५३ बाइटच्या लहान लहान तुकड्यांतून, म्हणजे सेलमधून, जाते आणि प्रत्येक सेलच्या माथ्यावर हे दोन आकडे असतात. ते चुकले तर दिवा कितीही स्थिर असला तरी सेल सर्व्हरपर्यंत पोहोचतच नाहीत. प्रत्येक सेवादात्याचे हे आकडे निराळे असू शकतात, म्हणून दुसऱ्याच्या घरचे पाहून ते भरू नयेत. आपण चिठ्ठी जपून ठेवलीत हे फार चांगले केलेत.

आता पासवर्ड. तो राउटरमधून पुसला गेला असला तरी सर्व्हरवर आहे तसाच असतो, मात्र तो वाचून दाखवण्याची सोय सहसा कोणाकडे नसते. बिल आणि ओळखपत्र घेऊन कार्यालयात अर्ज दिल्यास तो नव्याने ठरवून देतात. नवा पासवर्ड घरी येऊन सावकाश टंकावा, कारण त्यात लहान-मोठ्या अक्षरांचा भेद असतो. तो बरोबर असूनही ६९१ येत राहिली, तर जुने सत्र सर्व्हरवर अडकून राहिलेले असण्याचा संभव आहे. एका खात्यावर बहुधा एकाच वेळी एकच जोडणी चालते, म्हणून राउटर आणि संगणक दोन्हींवरून आलटून-पालटून प्रयत्न करण्याचे आधी थांबवावे आणि राउटर दहा-पंधरा मिनिटे पूर्ण बंद ठेवून मगच सुरू करावा.

मांडणी करताना संगणक राउटरला वायफायने न जोडता लॅनच्या वायरने जोडावा, म्हणजे मध्येच वायफायचे नाव बदलले तरी आपण बाहेर फेकले जात नाही. ब्राउझरच्या पत्त्याच्या जागी १९२.१६८.१.१ लिहिले की राउटरचे पान उघडते. रिसेट झालेल्या बहुतेक राउटरमध्ये युजरनेम आणि पासवर्ड दोन्ही ‘ॲडमिन’ असतात, नसल्यास ते बुडावरच्या लेबलवर छापलेले असतात. हा पासवर्ड राउटरच्या पानाचा आहे आणि ब्रॉडबँडचा निराळा आहे. या दोहोंची गल्लत फार जण करतात.

आत ‘इंटरफेस सेटअप’ किंवा ‘वॅन’ नावाच्या पानावर व्हीपीआय ०, व्हीसीआय ३५ भरावे. जोडणीचा प्रकार ब्रिजवरून बदलून पीपीपीओई करावा. एन्कॅप्सुलेशनमध्ये, म्हणजे माहिती सेलमध्ये बांधण्याच्या पद्धतीत, एलएलसी निवडावे. त्याच्या शेजारी व्हीसी-मक्स असा दुसरा पर्याय असतो आणि तो चुकून निवडला गेला तरी पुन्हा सर्व काही ठप्प होते. त्याखाली युजरनेम आणि पासवर्ड भरावा, जोडणी ‘ऑलवेज ऑन’ ठेवावी, नॅट आणि डिफॉल्ट रूट दोन्ही चालू असल्याची खात्री करावी आणि पान सोडण्यापूर्वी ‘सेव्ह’ दाबावे. लॅनच्या पानावर डीएचसीपी चालू असू द्यावे, म्हणजे घरातल्या प्रत्येक उपकरणाला पत्ता आपोआप मिळेल. संगणकावर केलेली जुनी डायलची जोडणी नंतर काढून टाकावी.

फोन वाजल्यावर लाइन तुटण्याविषयी आताच मत देत नाही. इंटरनेट सुरू झाले की राउटरच्या ‘स्टेटस’ पानावर नॉइज मार्जिन, लाइन अटेन्युएशन, डेटा रेट आणि सीआरसी (तारेवर बिघडून आलेल्या माहितीची मोजणी) असे आकडे दिसतील. ते संध्याकाळचे आणि दुपारचे असे दोन्ही वेळचे लिहून येथे द्यावेत.


राजापूरवासी:

आपण सांगितल्याप्रमाणे काल कार्यालयात अर्ज दिला आणि तासाभरात नवा पासवर्ड मिळाला. घरी आल्यावर एलएलसीच्या जागी व्हीसी-मक्स निवडलेले आढळले, ते मीच घाईत निवडले असणार. ते बदलले, पासवर्ड भरला आणि रात्री अकराच्या सुमारास इंटरनेटचा दिवा हिरवा झाला. मनापासून आभार.

मागितलेले आकडे देतो. दुपारी दोन वाजता खाली येणारा वेग ४०९६ केबीपीएस, वर जाणारा ५१२, खाली येणाऱ्या संकेताचा नॉइज मार्जिन ७.५ डेसिबल आणि अटेन्युएशन ४३ डेसिबल होते. रात्री आठ वाजता वेग तेवढाच दिसत होता, परंतु मार्जिन ३ डेसिबलपर्यंत उतरले होते आणि सीआरसीचा आकडा पाहता पाहता शेकड्यांनी वाढत होता. माझ्या डोळ्यांदेखत डीएसएलचा दिवा दोनदा गेला. आमची योजना ८ एमबीपीएसपर्यंतची आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात आली. काही संकेतस्थळे लगेच उघडतात, तर काही अर्धवट उघडून तशीच फिरत राहतात. बँकेचे पान तर दोन दिवसांत एकदाही पूर्ण उघडलेले नाही. एमटीयू नावाच्या रकान्यात मी १५०० भरले आहे, कारण तो आकडा एका व्हिडिओत पाहिला होता.

घरात फोन दोन आहेत. एक ओटीवर राउटरशेजारी आणि दुसरा माडीवर आईच्या खोलीत. माडीवरचा फोन वडिलांच्या काळापासून आहे आणि त्याची तार माळ्यावरून गेलेली आहे.


लाइन_तपासनीस:

मी टेलिफोनच्या बाहेरील कामात, म्हणजे खांब, केबल आणि डीपी (जिथून घरोघरी तारा फुटतात ती पेटी) यांत, एकतीस वर्षे काढली आणि आता निवृत्त आहे. तुमच्या शेवटच्या दोन वाक्यांमुळे मी लिहायला बसलो. राउटरला आता हात लावू नका, माळ्यावर चढा.

आधी आकड्यांचा अर्थ सांगतो. अटेन्युएशन म्हणजे तारेच्या लांबीमुळे संकेत किती क्षीण होतो त्याचे माप. एडीएसएलमध्ये, म्हणजे तुमच्याकडे आहे त्या प्रकारच्या डीएसएलमध्ये, दर किलोमीटरला सुमारे पावणेचौदा डेसिबल असा ढोबळ हिशेब आम्ही धरत असू. त्यानुसार ४३ डेसिबल म्हणजे एक्स्चेंजपासून तारेच्या मार्गाने तीन किलोमीटरपेक्षा थोडे जास्त अंतर झाले. हे अंतर कमी करणे कोणाच्याच हातात नाही. पण एवढ्या अंतरावर चांगल्या तारेवर ६ ते ८ एमबीपीएस मिळायला हवेत आणि तुम्हाला ४ मिळतात, तेही डळमळीत. नॉइज मार्जिन म्हणजे संकेत गोंगाटाच्या किती वर आहे त्याची शिल्लक. लाइन जोडताना साधारण ६ डेसिबलची शिल्लक राखली जाते, १० असेल तर निश्चिंत राहावे, आणि ३ पर्यंत उतरली की लाइन केव्हाही पडू शकते. तुमचे तेच होत आहे.

आता फोन वाजल्यावर का तुटते ते पाहा. आवाज तारेवर ४ किलोहर्ट्झच्या खाली असतो आणि एडीएसएलचा संकेत २५ किलोहर्ट्झच्या वर, थेट १.१ मेगाहर्ट्झपर्यंत, एडीएसएल २ प्लस या त्याच्या पुढच्या आवृत्तीत तर २.२ मेगाहर्ट्झपर्यंत जातो. दोघे एकाच तारेवर सुखाने नांदतात, पण अट एकच आहे, की प्रत्येक फोन फिल्टरच्या, म्हणजे आवाज आणि डीएसएलचा संकेत वेगळे ठेवणाऱ्या डबीच्या, मागे असला पाहिजे. घंटी वाजते तेव्हा तारेवर सुमारे ७५ व्होल्टचा प्रवाह येतो आणि रिसिव्हर उचलताच तारेवरचा भार एकदम बदलतो. फिल्टर नसलेला फोन तो सगळा धक्का राउटरच्या संकेतात ओततो. ओटीवरच्या फोनला जोडणी देतानाच स्प्लिटर, म्हणजे फोन आणि राउटर अशा दोन खोबणी असलेला फिल्टर, बसवला असणार. माडीवरची तार त्या स्प्लिटरच्या आधीच फुटून गेली असेल, तर त्या फोनला फिल्टर नाही, आणि तो वाजला की राउटर पडणारच.

संध्याकाळचा त्रास त्यातूनच वाढतो. मध्यम लहरींचा रेडिओचा पट्टा, ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झ, एडीएसएलच्या पट्ट्यातच येतो. सूर्य मावळला की या लहरी आकाशातून परावर्तित होऊन दूरदूरच्या केंद्रांवरून येऊ लागतात. आमच्या पिढीला रात्री रेडिओवर परमुलखातली केंद्रे लागत असत, ती त्यामुळेच. पीळ नसलेली, मोकळी लोंबणारी जुनी तार अशा वेळी अँटेनासारखी वागते. त्यात घरोघरी एलईडी दिवे आणि चार्जर सुरू होतात, त्यांचा गोंगाट वेगळा. केबलमधल्या जोडीला पीळ दिलेला असतो तो उगाच नव्हे. दोन्ही तारांवर सारखाच गोंगाट यावा आणि तो आपोआप वजा व्हावा, यासाठी तो असतो. घरातल्या जुन्या सपाट तारेला ही सोय नाही.

चाचणी सोपी आहे. बाहेरची ड्रॉप वायर घरात जिथे पहिल्यांदा उतरते तेथे एक छोटी चौकोनी डबी असेल, तिला आम्ही रोझेट म्हणतो. त्यातून पुढे जाणाऱ्या घरातल्या सगळ्या तारा स्क्रू सैल करून सोडवा. राउटर त्या डबीपाशी न्या, बाहेरून येणारी जोडी एका लहान नव्या तारेने थेट राउटरला द्या आणि संध्याकाळी आठ वाजता आकडे पाहा. मार्जिन चांगले आले तर दोष घरातला आहे. तसेच पडलेले राहिले तर दोष बाहेरचा आहे, आणि मग लाइनमनला बोलावून डीपीपासून लाइन तपासायला सांगा. तक्रार देताना ‘नेट बंद आहे’ एवढेच न सांगता हे आकडे लिहून द्या. आकडे हातात असले की लाइनमनलाही कोठून सुरुवात करायची ते कळते.

हे काम कोरड्या हातांनी आणि पायांत चप्पल घालून करा. मध्येच कोणाचा फोन आला तर ते ७५ व्होल्ट बोटांना चांगलेच जाणवतात.


ठाणेकर:

मी घरातूनच नेटवर्कचे काम करते, म्हणून बँकेच्या पानाविषयी लिहिते. त्याचे कारण एमटीयूच आहे. इथरनेटवर एका पाकिटाची मर्यादा १५०० बाइट असते. पीपीपीओईला स्वतःच्या शीर्षकासाठी त्यातील ८ बाइट लागतात, त्यामुळे आपल्या पाकिटासाठी १४९२ उरतात. आपण १५०० भरल्यामुळे मोठी पाकिटे मध्येच अडतात. एरवी अशा वेळी ‘पाकीट मोठे आहे, लहान करा’ असा निरोप पाठवणाऱ्याकडे परत जातो, पण काही ठिकाणी सुरक्षेच्या नावाखाली हे निरोपच अडवलेले असतात. मग पानाचा मथळा येतो, चित्रे येत नाहीत, आणि पान फिरत राहते. एमटीयू १४९२ करावे. खात्री करायची असल्यास विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर पिंगचा आदेश, पाकिटाचे तुकडे न करण्याच्या पर्यायासह, १४६४ एवढा आकार देऊन चालवावा. त्यात २८ बाइटची शीर्षके मिळवली की बरोबर १४९२ होतात. हे पाकीट गेले आणि १४६५ चे अडले, तर मांडणी योग्य आहे असे समजावे.

वेगाबद्दल एक गैरसमज आताच दूर करते, म्हणजे नंतर तक्रार करण्याची पाळी येणार नाही. राउटर दाखवतो तो तारेवरचा वेग असतो. १४९२ बाइटचे एक पाकीट वेगवेगळ्या वेष्टनांसह ३२ एटीएम सेलमध्ये मावते, आणि ३२ सेल म्हणजे १६९६ बाइट. त्यात आपल्या कामाचे साडेचौदाशेच्या आसपास असतात. म्हणून राउटरवर ७ एमबीपीएस दिसत असतील, तर वेग मोजणाऱ्या पानावर ६ च्या आसपास दिसणे हेच बरोबर आहे. त्यात कोणाचीही लबाडी नाही.

रिसेटमुळे आणखी एक गोष्ट झालेली आहे आणि तिच्याकडे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. आपल्या राउटरचा पासवर्ड पुन्हा ‘ॲडमिन’ झाला आहे आणि वायफाय बहुधा उघडे पडले आहे. २०१६ साली मिराई नावाच्या घातक प्रोग्रामने जगभरातील लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, ते मुख्यतः कारखान्यातून आलेले पासवर्ड कोणी बदललेले नव्हते म्हणून. गाव आडबाजूला असले तरी राउटरचा पत्ता साऱ्या जगाला दिसतो. तेव्हा आजच राउटरच्या पानाचा पासवर्ड बदलावा, वॅनच्या बाजूने, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटवरून, राउटर हाताळण्याची सोय बंद करावी, वायफायच्या सुरक्षेसाठी डब्ल्यूपीए२ आणि एईएस निवडून लांब पासवर्ड ठेवावा आणि डब्ल्यूपीएस, म्हणजे बटण किंवा पिनने वायफाय जोडण्याची सोय, बंद करावी. डब्ल्यूईपी हा जुना पर्याय यादीत दिसला तरी घेऊ नये, तो काही मिनिटांत फोडता येतो. हे सर्व झाल्यावर ‘बॅकअप’ किंवा ‘रोमफाइल सेव्ह’ या पर्यायाने मांडणीची फाइल संगणकावर उतरवून ठेवावी, म्हणजे पुन्हा कधी टाचणी दाबली गेली तरी पाच मिनिटांत सर्व परत येईल.

माझ्या मते आपण राउटर ब्रिजवर ठेवून त्याच्यापुढे चांगला वायफाय राउटर लावावा. जुन्या डीएसएल राउटरना नवे सॉफ्टवेअर मिळणे केव्हाच थांबलेले असते.


नेटवर्क_अभ्यासक:

ताई, एमटीयू आणि पासवर्डविषयी पूर्ण सहमत आहे. ते मी पहिल्याच उत्तरात लिहायला हवे होते. ब्रिजचा सल्ला मात्र सरांच्या घरासाठी आत्ता योग्य वाटत नाही. तेथे वीज वारंवार जाते, आणि दोन यंत्रे लावली की दोन्हींना इन्व्हर्टरवर घ्यावे लागते. शिवाय लाइनमन आला की तो एकाच राउटरच्या पानावर सर्व पाहू शकतो, ही सोय जाते. लाइन स्थिर झाल्यावर आणि पैशांची सवड असल्यास ब्रिजचा विचार जरूर करावा. सर, तोवर ‘मॉड्युलेशन’चा रकाना ऑटोवर असू द्यावा. काही जण तो जी.डीएमटीवर, म्हणजे एडीएसएलच्या जुन्या पद्धतीवर, ठेवायला सांगतात, आणि खराब तारेवर त्याने लाइन टिकते हेही खरे, पण तपासनीसकाकांनी सांगितलेल्या चाचणीआधी तो बदलल्यास आकड्यांची तुलना करता येणार नाही.


ठाणेकर:

विजेचा मुद्दा मान्य आहे, तो माझ्या लक्षात आला नव्हता. मग निदान वॅनच्या बाजूची सोय बंद करण्याचे काम उद्यावर ढकलू नये.


राजापूरवासी:

आज रविवार असल्याने कालपासूनची सर्व कामे उरकली, म्हणून सविस्तर लिहितो.

काल सकाळी एमटीयू १४९२ केले आणि बँकेचे पान पहिल्याच प्रयत्नात उघडले. राउटरचा आणि वायफायचा पासवर्ड बदलला, वॅनच्या बाजूची सोय खरोखरच चालू होती, ती बंद केली, आणि मांडणीची फाइल पेनड्राइव्हवर उतरवून ठेवली.

नंतर रोझेट शोधली. ती ओटीच्या पागोळीखाली, पावसाचे पाणी उडते अशा ठिकाणी निघाली. आत बाहेरच्या जोडीवरून दोन जोड्या निघत होत्या. एक ओटीवरच्या स्प्लिटरला जाणारी आणि दुसरी थेट माळ्यावर जाणारी. काकांनी न पाहताच ओळखले होते. काल संध्याकाळी आठ वाजता घरातल्या सगळ्या तारा सोडवून राउटर त्या डबीखाली स्टुलावर ठेवला होता, तेव्हा वेग ७१६८ दाखवत होता, मार्जिन १० डेसिबल आणि अटेन्युएशन ४२. तासभर बसून पाहिले, सीआरसी दोन अंकांच्या पुढे गेला नाही. दोष घरातलाच आहे हे त्यावरून पक्के झाले.

आज माळ्यावर चढलो. माडीवर जाणारी तार वाशाला खिळे मारून नेलेली आहे आणि मध्यावर तिला एक सांधा आहे. दोन्ही तारा नुसत्या पिळून त्यांच्यावर कापडी चिकटपट्टी गुंडाळलेली होती. ती सोडवली तेव्हा तिचा भुगा हातात आला आणि आतले तांबे हिरवे पडून एका तारेचे दोनच धागे धरून राहिले होते. कौलांतून गळणारे पाणी नेमके त्या जागी येते, तसा डाग वाशावर आहे. त्या सांध्यापासून एक तिसरी तार निघून पडवीच्या दिशेने गेली होती आणि तिच्या टोकाला काहीच नव्हते. आईला विचारले तेव्हा कळले, की फार वर्षांपूर्वी भाडेकरू असताना पडवीत तिसरा फोन होता.


लाइन_तपासनीस:

ती टोकाला मोकळी असलेली तार मुळापासून काढून टाका, नुसती कापून ठेवू नका. संकेत तिच्यात शिरतो, टोकावर आपटतो आणि उलटा परत येऊन मूळ संकेतालाच खातो. तीस-चाळीस मीटरची तार असेल तर तिचा फटका एडीएसएल २ प्लसच्या वरच्या पट्ट्यात बसतो. तुमच्या अंतरावर तो पट्टा तसाही कमीच वापरला जातो, म्हणून तुमचा मुख्य चोर तो हिरवा सांधा आणि फिल्टर नसलेला फोन हेच आहेत. तरी तिला ठेवण्याचे काही कारण नाही.

आता कायमची मांडणी अशी करा. स्प्लिटर रोझेटच्या लगेच नंतर बसवा. त्याच्या मॉडेमच्या खोबणीतून एक अखंड, पीळ असलेली तार राउटरपर्यंत न्या, मध्ये सांधा नको. फोनच्या खोबणीतून ओटीवरचा आणि माडीवरचा असे दोन्ही फोन घ्या, म्हणजे एकाच स्प्लिटरवर दोघांचे भागेल आणि वेगळा फिल्टर आणावा लागणार नाही. रोझेट पागोळीखालून उचलून आत भिंतीवर घ्या. हे काम लाइनमनकडूनच करून घ्या, ड्रॉप वायर थोडी सरकवावी लागेल. आणि वीज कडाडू लागली की राउटरचा प्लग काढता तशीच फोनची तारही राउटरमधून काढत जा. कोकणात मी जेवढे जळालेले मॉडेम पाहिले, त्यांतले बरेचसे फोनच्या तारेतून आलेल्या विजेनेच जळलेले होते.


राजापूरवासी:

काका, तिसरी तार मुळापासून काढली, मोजली तर पस्तीस मीटर भरली. लाइनमन बुधवारी येऊन रोझेट ओटीच्या आतल्या भिंतीवर घेऊन गेला आणि स्प्लिटर तिच्या शेजारीच बसवला. राउटरसाठी बाजारातून पीळ असलेली वीस मीटर तार आणली होती, ती त्याने एका दमात ओढून दिली. आज रात्री आठ वाजता वेग ७१६८, मार्जिन ९.८ आणि वेग मोजणाऱ्या पानावर ६.०४ एमबीपीएस आले, म्हणजे ताईंनी सांगितलेला हिशेब तंतोतंत जुळला.

त्यानंतर मुलीचा वर्ग चालू असताना मी शेजारच्या घरातून मुद्दाम आमच्या लँडलाइनवर फोन केला. माडीवर तो बराच वेळ वाजला, आईने उचलला आणि आम्ही दोघे दहा मिनिटे बोललो. घरी परत येऊन विचारले, तर मुलीला वर्गात काहीच जाणवले नव्हते.